एकशे त्रेचाळीस माणसांची कादंबरी

औरंगपुऱ्यात वह्या-पेनांच्या एका दुकानाशेजारून अरुंद जिना वर जातो. त्याच्या मधल्या पायरीवर अजिनाथ जरा थांबला. दम लागला होता असं नाही. तीस वर्षं कन्नडच्या बसस्थानकात वाहतूक नियंत्रक म्हणून काढलेल्या माणसाला एक सवय लागते. गाडी फलाटाला लागण्याआधी ती भरलेली आहे की रिकामी, हे तो नुसत्या आवाजावरून सांगतो. आज वरून कसलाच आवाज येत नव्हता, आणि ते काही चांगलं लक्षण नव्हतं.

वर ‘जुळणी प्रकाशन’ होतं. दोन टेबलं, एक पंखा, भिंतीला टेकलेले पुस्तकांचे गठ्ठे आणि त्यांच्यामधे रूपा. वय बेचाळीस. वाचताना चष्मा नाकावर, बोलताना कपाळावर. कोपऱ्यात तिचे वडील कडुबा बसायचे. त्यांची हयात छापखान्यात अक्षराचा एकेक खिळा उचलून ओळी जुळवण्यात गेली होती, म्हणून लेकीनं प्रकाशनाला तेच नाव दिलं.

रूपानं चष्मा कपाळावर सरकवला.

“बसा काका. पाणी घ्या. मग हे बघा.”

टेबलावर अजिनाथच्या कादंबरीच्या सहा वह्या होत्या आणि त्यांच्याशेजारी एक सातवी वही, रूपाची. तिनं ती उघडून त्याच्याकडे फिरवली. चार रकाने आखलेले होते: नाव, पहिलं पान, काम, शेवटचं पान. नावाचा रकाना ओसंडून वाहत होता. कामाचा रकाना उन्हाळ्यातल्या नदीसारखा कोरडा.

“तुमच्या कादंबरीत एकशे त्रेचाळीस माणसं आहेत,” रूपा म्हणाली. “मी दोनदा मोजली. त्यातल्या शहाण्णव जणांना काहीच काम नाही. एकतीस जण चहा घेतात. आणि ह्या द्वारकाबाई बघा. पान एक्केचाळीस, चहा आणते. पान दोनशे बारा, चहा आणते. मधली एकशे सत्तर पानं बाई असते कुठं?”

“दूध आणायला गेली असंल,” अजिनाथ म्हणाला.

कोपऱ्यातून खोकल्यासारखं काहीतरी ऐकू आलं. कडुबा हसत होते.

रूपा हसली नाही. “एसटीत किती माणसं बसतात, काका?”

“चव्वेचाळीस बसून, अकरा उभे.”

“आणि एकशे त्रेचाळीस घेऊन घाट चढायचा म्हटला तर?”

“चढणार नाय. पण ताई, जत्रा स्पेशल असली म्हंजे आम्ही जरा डोळेझाक…”

“कादंबरी म्हणजे जत्रा स्पेशल नाही. पहिली चाळीस पानं नुसती वंशावळ आहे. कोण कुणाचा चुलता, कुणाची मावशी कुठं दिलेली. गाडी अजून फलाटावरच, आणि वाचक केव्हाचा उतरून गेला.” तिनं वही मिटली. “पंधरा माणसं ठेवा. सोळावा चढला तर आधी एकाला उतरवा. आणि जो राहील त्याला एक हाव द्या आणि एक खोड द्या. तुमच्या सगळ्यांना नुसते गुण आहेत. गावात एवढी चांगली माणसं राहत असती, तर कोर्टं बंद पडली असती.”

पण खरा घाव पुढंच होता. रूपानं चौथी वही काढून सातवं प्रकरण उघडलं.

“हे लांडग्याचं प्रकरण. मेंढरांचा मुक्काम घाटाखाली आहे, लांडगा कोकरू नेतो, आणि तुमचे आजोबा आठ रात्री जागून त्याला हाकलतात. तुमचं पुस्तक इथं आहे काका, बाकी सगळी त्याची निमंत्रणपत्रिका. पण मला एक सांगा. आठ रात्री लांडगा येतोय. आरडाओरड आहे, शेकोट्या आहेत, काठ्या आहेत. लांडगा कुठंय? तो काळा आहे, का पिवळा, का लंगडा? अकरा पानांत एकदाही दिसत नाही. ज्यानं पाहिला असेल त्याला विचारून लिहा. दसऱ्यापर्यंत आणलंत तर छापते. नंतर माझ्याकडे कॉलेजच्या पुस्तकांचं काम येणार आहे. त्यात तुमची कादंबरी गेली की गेलीच.”

जिना उतरताना अजिनाथच्या डोक्यावर एकशे अठ्ठावीस माणसं उतरवायचं ओझं होतं. तरी छाती फुगलेली होती, आणि त्याचं कारण सांगायला हवं. ह्याआधी तो दोन प्रकाशकांकडे जाऊन आला होता. पहिल्यानं वह्या न उघडताच ‘अप्रतिम’ म्हटलं आणि खर्च लेखकानं करायचा असतो, हे समजावून सांगितलं. दुसऱ्यानं चौदा महिने वह्या ठेवून घेतल्या. परत आल्या तेव्हा दुसऱ्या पानावर चहाचा गोल डाग होता, त्यापुढची पानं कोरी करकरीत. म्हणजे स्वारी दुसऱ्या पानापर्यंत पोचली होती. रूपानं मात्र द्वारकाबाईचा दुसरा चहासुद्धा टिपला होता. वयाच्या साठाव्या वर्षी अजिनाथला वाचणारं माणूस भेटलं होतं, आणि ते माणूस दसऱ्याला हातचं जाणार होतं.

मुकुंदवाडीच्या घरी पोचल्यावर त्यानं सगळी हकीकत बायकोला सांगितली. सखूबाई शेंगा फोडत होती. तिचे हात थांबले नाहीत.

“एकशे त्रेचाळीसमधी मी हाय का?”

“तू कशी असशील? तू घरची.”

“व्हय. पत्रिकेत घरच्या बाईचं नाव कशाला?” ती म्हणाली. “बरं झालं बाई, वाचले. आता बाकीच्यांना उतरवताना तुमचं काय व्हतंय ते बघते.”

सखूबाईनं बरोबर नस पकडली होती. गेली तीस वर्षं अख्ख्या भावकीच्या लग्नपत्रिका अजिनाथच लिहून देत आला होता. निमंत्रक कोण, विनीत कोण, ‘आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं’ म्हणणारी बाळगोपाळ मंडळी कोण, समस्त मामेकुळी कुठली, ह्याचा हिशेब त्याच्या बोटांवर होता. एका पत्रिकेत एका धाकट्या दिराचं नाव सुटलं, तर तो गडी लग्नाला आला, मांडवाच्या तोंडाशी उभा राहिला आणि येणाऱ्या प्रत्येकाला ‘मी जेवणार नाय’ म्हणून सांगत बसला. पंगत उठेपर्यंत. त्या दिवसापासून अजिनाथनं कानाला खडा लावला: नाव सोडायचं नाही. मग कादंबरी लिहायला बसला तेव्हा हात तोच, सवयही तीच. भावकीतलं एकही माणूस त्यानं बाहेर ठेवलं नाही.

एवढ्यावर भागलं असतं तर ठीक. पण चुलतभाऊ नानासाहेबांच्या मुलीच्या लग्नात कुणीतरी विचारलं, “आज्या, तुझ्या पुस्तकात मी हाय का?” आणि ह्या भल्या माणसानं वही उघडून पान नंबर सांगितला. मग रांगच लागली. आरक्षण मिळाल्यासारखे लोक आपापला नंबर घेऊन घरी गेले. तेव्हापासून तो गावात गेला की ‘मी नव्वद’, ‘आमची मंडळी एकशे आठ’ असे रामराम व्हायचे.

आता त्याच लोकांना खाली उतरवायचं होतं, आणि न विचारता उतरवण्याइतकं काळीज त्याच्याकडे नव्हतं.

गणपती विसर्जनानंतरच्या रविवारी नवराबायको गावी गेले. कन्नडहून जीपनं अर्ध्या तासावर गाव. नानासाहेबांनी ट्रॅक्टर बाहेर काढून पत्र्याचं शेड झाडून ठेवलं होतं. पन्नासेक माणसं जमली होती, कारण पुस्तक छापून आलं अशी हूल आधीच उठली होती. पुढं नानासाहेब, माजी सरपंच, अंगात कडक इस्त्री. त्यांच्यामागं त्यांची बायको द्वारकाबाई. खांबाला टेकून केरबातात्या, अजिनाथचे चुलते, वय पंच्याऐंशी, अजूनही चाळीस मेंढरं राखणारे. आणि बायकांत अगदी कडेला अजिनाथची थोरली बहीण भामाबाई, तोंडाला पदर लावून.

“पुस्तक कुठंय?” नानासाहेबांनी विचारलं.

“व्हायचंय नाना. त्यासाठीच आलो. माणसं लई झाली, असं मॅडम म्हणत्यात.”

“माणसं लई झाली म्हंजी? सभेला माणसं कमी आली तर बोंब, आन् पुस्तकात जास्त झाली तरी बोंब व्हय?”

“पंधराच ठेवा म्हणत्यात.”

शेडचे पत्रे थरथरले म्हणायला हरकत नाही. “माझं पान नव्वद हाय, म्या सोडत नसतो!” “माझ्या जावयाला सांगून बसले मी!” “त्या मॅडमला हिकडं आण, बघू कशी काढती ते!” एकानं तर पंधरांत येण्यासाठी चिठ्ठ्या टाकायची सूचना केली. दुसऱ्यानं गल्लीवार वाटणी सुचवली.

“ऐका तरी,” अजिनाथनं फलाटावरचा आवाज काढला, तेव्हा कुठं जरा शांत झालं. “राहायचं त्यानं राहावं. पण जो राहील, त्याची एक हाव आन् एक खोड लिहावी लागंल. तसा नियमच हाय त्यांचा.”

“लिही की,” नानासाहेब म्हणाले. “मी राहणार. माझं नाव पहिल्या पानावर हाय.”

“राहा नाना. मग बांधाचं लिहावं लागंल.”

“कोणच्या बांधाचं?”

“दर साली नांगराचं एक तास सरकतो त्या.”

मग नानासाहेबांचा बांधशेजारी फिस्सकन हसला आणि त्याच्यामागं सगळं शेड फुटलं. नानासाहेबांनी इस्त्रीचा सदरा खाली ओढून सरळ केला.

“तसं बघितलं तर,” ते म्हणाले, “कादंबरीत आमचं काय काम? साधी माणसं आम्ही. काढ माझं.”

“माझी काय खोड लिहिणार, भाऊजी?” द्वारकाबाईला मात्र स्वतःबद्दल खात्री होती. “मी बापडी चहा आणते.”

“वयनी, चहा राहू द्या. डेअरीला दूध घालता, त्याचं…”

“माझं काढा!” द्वारकाबाई म्हणाली. “आधी माझं काढा. ह्यांच्या आधी.”

मग जी उतरायची घाई झाली, ती अजिनाथनं तीस वर्षांत कुठल्याही स्टँडवर पाहिली नव्हती. ज्यांनी आरक्षणं केली होती, तेच दार शोधू लागले. आणि नुसते उतरत नव्हते. उतरताना दुसऱ्याचं सामान दाखवून जात होते. “माझं काढ, पण आमच्या साडूला ठेव. त्यानं सोसायटीच्या मीटिंगला काय केलं ते सांगतो, लिहून घे.” “तिचं ठेवा दादा, सासूच्या जत्रेच्या साडीचं काय झालं ते इचारा तिला!” अजिनाथ एका हातानं नावं खोडत होता आणि दुसऱ्या हातानं लिहून घेत होता. दहा वर्षं खपून त्याला जेवढं लिहायला मिळालं नव्हतं, तेवढं घटकाभरात गोळा झालं. सखूबाई बायकांत बसून डोळे पुसत होती, हसून हसून.

शेवटी त्यानं मोजलं. चौदा नावं उरली होती. त्यातली नऊ मयत, कारण मेलेल्यांची हरकत येत नाही. तिघं पुण्याला राहणारे, त्यांना अजून काही माहीत नव्हतं. राहिले केरबातात्या आणि भामाबाई.

“आता एकच इचारायचं,” अजिनाथ म्हणाला. “लांडगा. मी तवा गावात शाळंला व्हतो. मॅडम म्हणत्यात, दिसायला कसा व्हता ते लिहा. कुणी बघितला?”

हा प्रश्न ऐकून पुन्हा माना ताठ झाल्या. त्या आठ रात्रींपासून पंचक्रोशीत ह्या भावकीला लांडगेमारे म्हणत. आडनाव विसरतील पण हे नाव विसरणार नाहीत.

“केवढा व्हता! वासराएवढा,” नानासाहेब म्हणाले.

“तुम्ही बघितला?”

“आमच्या तीर्थरूपांनी सांगितलं.”

“काळाकुट्ट,” दुसरा म्हणाला. “पिवळा,” तिसरा म्हणाला, “एक कान फाटका.” त्यालाही आत्यानं सांगितलं होतं, आत्याला मावशीनं. वासराएवढा लांडगा शेडभर फिरला, पण तो कुणाच्या डोळ्यांतून निघाला होता ते काही केल्या सापडेना.

“लांडगा नव्हता,” कडेनं आवाज आला.

भामाबाईनं तोंडावरचा पदर काढला होता.

“काय म्हणली, अक्का?”

“लांडगा नव्हता. कोकरू म्या इकलं.”

कुणी काही बोलायच्या आत तिनं सांगायला सुरुवात केली, आणि एकदा सुरुवात केल्यावर ती थांबणारी बाई नव्हती.

“तेरा वर्साची व्हते. आपला मेंढरांचा वाडा घाटाखाली उतरलेला. वरच्या सडकंनं लाल गाडी जायची रोज. आजाला, आबाला इचारलं, गाडी कुठं जाती? म्हणला, औरंगाबादला. तिथं काय हाय? म्हणला, माणसं. मला वाटलं, येवढी गाडी भरभरून माणसं जात्यात, तर तिथं करत्यात तरी काय? एकदा बघावं. बाजाराच्या दिवशी कोकरू घेतलं काखंत, घाट चढले, कन्नडच्या बाजारात इकलं आन् बसले गाडीत.”

“एकटी?” सखूबाईनं विचारलं.

“एकटीच. औरंगाबादच्या स्टँडवर उतरले, तर चहूकडं माणसंच माणसं. लई लांब नाय गेले. जवळच एक दुकान व्हतं, तिथं माणसाएवढा आरसा. तवर मी पाण्यात तोंड बघितलेलं, तेवढंच. त्या दिशी पहिल्यांदा आख्खी दिसले. पायापासनं डोक्यापर्यंत. पुढनं बघितलं, मागनं बघितलं. घंटाभर उभी. दुकानवाला म्हातारा व्हता, दाढीवाला. त्यानं हाकललं नाय. म्हणला, ‘आरामसे देखो बेटा, आईना किसी का नुकसान नय करता.’ मग सांजच्या गाडीनं माघारी आले आन् सांगितलं, लांडग्यानं नेलं.” ती अजिनाथकडे वळली. “माझं नाव ऱ्हाऊ दे. हाव लिही, खोड लिही. मला चालतंय.”

अजिनाथ हातातली पेन्सिल विसरला होता. त्याची ही बहीण कादंबरीत होती, एकशे त्रेसष्टाव्या पानावर. काम: भाकरी थापते. आणि तिच्याजवळ पन्नास वर्षं हे पडून होतं. कुणी विचारलं नव्हतं म्हणून.

पुस्तक कुठं आहे, ते त्याला दिसलं. पण त्याच वेळी नानासाहेब उठून उभे राहिले.

“हे छापायचं नाय,” ते म्हणाले. आता आवाजात थट्टा नव्हती. “माझ्या बांधाचं छाप, काय छापायचं ते छाप. पण आबाचं नाव घालवायचं नाय. पन्नास वर्सं लांडगेमारे म्हणून फिरलो आपण. पोरांच्या सोयरिकी ह्या नावावर झाल्या. आन् आता पोथी काढून सांगायचं, आमचा आजा आठ रात्री वाऱ्याला काठ्या मारत व्हता? एका पोरीनं त्याला येडा केला?”

माना हलल्या, आणि ह्या वेळी एकजुटीनं. भामाबाईनं पदर पुन्हा तोंडाला लावला. अजिनाथनं वहीकडे पाहिलं. लांडगा ठेवला तर रूपाच्या प्रश्नाला खोटं उत्तर द्यावं लागणार, आणि जी बाई द्वारकाबाईचा दुसरा चहा पकडते तिच्यापुढं ते टिकणार नव्हतं. लांडगा काढला तर ह्या गावात त्याला पाणी कुणी विचारलं नसतं. दसरा तीन आठवड्यांवर होता.

“आबाला ठावं व्हतं,” केरबातात्या म्हणाले.

ते इतकं हळू म्हणाले की पुढच्यांना मागच्यांना सांगावं लागलं.

“काय ठावं व्हतं, तात्या?”

“समदं. कोकरू गेल्याच्या दुसऱ्या सकाळी आबानं मला मेंढरं कोंडायच्या जाळीपाशी नेलं. तिथं खुट्याला घुंगरू अडकवलेलं. कोकराच्या गळ्यातलं. काळा दोरा, गाठ नीट सोडलेली. आबा म्हणला, केरबा, लांडगा गाठ सोडतो व्हय? म्या म्हणलं, नाय. म्हणला, मग गप ऱ्हा, आन् आज रातच्याला माझ्यासंगं वरड.”

कुणीतरी हसलं, पण अर्ध्यावर थांबलं.

“हिचा बाप लई तापट,” तात्या अजिनाथकडे बोट करून म्हणाले, “म्हंजी तुझाबी. हिच्यासाठी काठी घेऊनच बसला व्हता. एका रातीत लांडगा गेला असता तर त्याला खरं वाटलं असतं का? म्हणून आठ रात्री. म्या तवा जवान गडी, वरडून वरडून घसा गेला. तो अजून असाच हाय, तुम्ही म्हणता तात्याचा आवाज बसका.”

भामाबाईच्या तोंडावरचा पदर केव्हाच खाली आला होता. “घुंगरू म्याच सोडलं,” ती म्हणाली. “ते म्या ववलं व्हतं. इकाया जीव झाला नाय.” मग तिला पुढचं कळलं. “म्हंजी म्हातारा मला हसत व्हता? पन्नास वर्सं मला वाटतंय, म्या त्याला फशिवलं!”

“हसत नव्हता,” तात्या म्हणाले. “त्याला तुला इचारायचं व्हतं, पोरी, काय बघितलंस म्हणून. लई मनात व्हतं त्याच्या. दोनदा मला म्हणला. पण इचारलं असतं तर लांडगा गेला असता.”

भामाबाई रडली का हसली ते नीट सांगता येत नाही. दोन्ही एकदमच चालू होतं, आणि शेडभर त्याची लागण झाली. नानासाहेब अजून उभेच होते. त्यांच्या चेहऱ्यावर जमाखर्चाचा मेळ बसत असल्याचं दिसत होतं.

“म्हंजी बघा,” ते अखेर म्हणाले, “लांडगेमारे नाव खोटं नाय. असलेला लांडगा कुणीबी हाकलील. नसलेला आठ रात्री हाकलायचा म्हंजी… आबाच पाहिजे.” ते खाली बसले आणि लगेच पुन्हा उठले. “आज्या, माझं नाव परत घाल. बांधासकट घाल. तासं मोजून घाल.”

“माझंबी,” द्वारकाबाई म्हणाली. “किती पाणी घालते ते मीच सांगते.”

“आता जागा नाय,” अजिनाथ म्हणाला, आणि तीस वर्षांत हे वाक्य म्हणताना त्याला इतका आनंद कधी झाला नव्हता.

पुढचे तीन आठवडे भामाबाई मुकुंदवाडीला येऊन राहिली. वंशावळीची चाळीस पानं गेली. पुस्तक आता बाजाराच्या सकाळी सुरू व्हायला लागलं, काखेत कोकरू आणि पुढं घाट. अजिनाथ लिहायचा, सांजच्याला वाचून दाखवायचा, आणि दोघी ऐकायच्या. भामाबाई चुका काढायची. “कोकरू असं धरत नसत्यात, तुला मेंढरं राखून किती दिवस झाले?” सखूबाई चुका काढायची नाही. ती नुसती जांभई द्यायची. पहिल्यांदा अजिनाथला राग आला. चौथ्या दिवशी त्यानं पाहिलं की जिथं ती जांभई देते तिथं तो नेमका निसर्गवर्णनात शिरलेला असतो. मग त्यानं समासात ‘स. जां.’ अशी खूण करायला सुरुवात केली आणि सकाळी तो तेवढं काढून टाकायचा. सहा वह्यांच्या तीन झाल्या.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी त्यानं त्या रूपाच्या टेबलावर ठेवल्या. आठ दिवसांनी तिनं बोलावलं.

“माणसं तेराच?” ती म्हणाली.

“चौदा उरली व्हती. पुण्याच्या तिघांना काढलं. आन् माझ्या मंडळीला घेतलं. आन् तो दुकानवाला.”

“अकरा आणि दोन तेरा. बरोबर.” तिनं शेवटचं पान उघडलं आणि त्यावर आडवी रेघ मारली. “हे कशाला? आबा किती थोर होते, माणुसकी म्हणजे काय असते. आठ रात्री ओरडून त्यांनी ते दाखवलंय. गाडी पोचल्यावर परत घोषणा कशाला देता?”

अजिनाथला ते पान सगळ्यात जास्त आवडत होतं. “काढा,” तो म्हणाला.

“मग छापायला घेते,” रूपा म्हणाली. एवढंच. अजिनाथ जिना उतरून दुकानापर्यंत गेला, आपण रामराम न करताच आलो हे लक्षात आलं, पुन्हा वर गेला, रामराम केला आणि पुन्हा उतरला.

दिवाळी झाली आणि प्रुफांसाठी निरोप आला. तो वर पोचला तेव्हा बापलेकीत जुंपली होती.

“बाबा, पान सतरा. चार चुका सुटल्यात. चार! तुमच्या हातून?” रूपा कागद नाचवत होती. “पान अठरावर तीन. पान एकोणीसवर एक ओळ दोनदा आलीय!”

कडुबा खुर्चीत अंग चोरून बसले होते. पन्नास वर्षांत त्यांच्या नजरेतून साधा अनुस्वार निसटला नव्हता. प्रूफ वाचणारा माणूस शब्द बघतो, गोष्ट बघत नाही. एकदा गोष्टीत शिरला की तो वाचक झाला, कामातून गेला.

“तिथं ती पोरगी गाडीत चढत होती,” ते म्हणाले. “कंडक्टर तिकीट विचारतोय, हिला तिकीट म्हणजे काय ते ठाऊक नाही. तिथं कुठं थांबू?”

“थांबायचं असतं!”

“तूच थांबून दाखव.”

रूपानं चष्मा नाकावर ओढला, खुर्ची पुढं घेतली आणि पान सतरा समोर धरलं. अजिनाथ दाराशीच उभा राहिला. खाली रस्त्यावर रिक्षांचे हॉर्न वाजत होते. तिनं सतरावं पान उलटलं, अठरावं उलटलं. एकोणिसाव्यावर तिला जरासं हसू आलं. तेविसाव्या पानावर म्हातारा दुकानदार बोलला, तेव्हा तिनं हनुवटीखाली हात घेतला. पेन टेबलावर पडलं होतं, तसंच.

“झालं?” कडुबांनी विचारलं.

रूपा दचकली. तिनं मागची पानं चाळली. एकही खूण नव्हती.

“हे काही खरं नाही,” ती म्हणाली. तिनं चष्मा कपाळावर चढवला आणि दाराकडे पाहिलं. “काका, ज्याला गोष्टीचा अगदी कंटाळा आहे असा एखादा माणूस शोधून आणा. नाहीतर तुमचं पुस्तक चुकांसकट छापावं लागणार.”

“बघतो,” अजिनाथ म्हणाला.

जिना उतरता उतरता त्यानं अख्खी भावकी मनात घेतली आणि एकेक घर तपासलं. खालच्या पायरीपर्यंत तसला माणूस काही सापडला नाही.